बॅकअप आहे म्हणता, परत आणून दाखवा

मागच्या अंकात डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए, या माझ्या कामाबद्दल, कंपन्यांची कॉम्प्युटरवर साठवलेली माहिती सांभाळण्याबद्दल, दोन पानं लिहिली. तेव्हा संपादक म्हणाले होते, "ताई, हे वाचणार कोण?" आता पत्रांचा गठ्ठा त्यांनीच पाठवलाय, वर "उत्तरं छोटी द्या" अशी चिठ्ठी. बघू. पत्रं बडोद्याची जास्त आहेत, ते साहजिकच. मी राहते इथेच आणि काम मकरपुरा ते नंदेसरी पसरलेलं. नावं कोणाचीच छापलेली नाहीत. "माझा लॅपटॉप हँग होतो, काय करू" ही पत्रं बाजूला ठेवलीत. त्यासाठी शेजारचा कॉलेजातला मुलगा माझ्यापेक्षा बरा.

प्रश्न : ताई, माझा मुलगा एका कंपनीत डीबीए आहे. रात्री दोन-तीनला फोन येतो, तो उठून लॅपटॉप उघडतो आणि नुसता बघत बसतो. विचारलं तर म्हणतो, "आई, काही करत नाहीये, बघतोय." त्याच्या लग्नाचं चाललंय. मुलीकडच्यांना काय सांगू, हा नक्की करतो काय? (एक आई, कारेलीबाग)

उत्तर : तो "बघतोय" म्हणतो ते खरं आहे, आणि लक्षण चांगलं आहे. अर्धवट झोपेत उठून लगेच हात चालवणाऱ्या डीबीएची मला धास्ती वाटते.

ओरॅकल या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरमधला एक प्रसंग सांगते, रात्रीच्या फोनांत हा हमखास असतो. डेटाबेसमध्ये जे काही बदलतं ते रीडो लॉग नावाच्या फायलींत लिहिलं जातं. या फायली मोजक्याच, फिरून फिरून त्याच वापरायच्या. म्हणून त्यांच्यावर नवं लिहिण्याआधी जुन्याची प्रत दुसरीकडे ठेवली जाते. तिला आर्काइव्ह लॉग म्हणतात. रात्री कोणी महिन्याअखेरचं मोठं पोस्टिंग चालवलं की या प्रतींचा नुसता पूर येतो आणि ठेवायची जागा भरते. जागा नाही म्हणून प्रत निघत नाही, प्रत नाही म्हणून जुनी फाइल पुन्हा वापरता येत नाही, आणि डेटाबेस नवं काही लिहायचंच थांबवतो. पडद्यावर ओआरए-००२५७ हा चुकीचा क्रमांक झळकतो. तिकडे कारखान्याच्या गेटवर टँकर उभा, वजन झालंय, गेटपास निघत नाही, ड्रायव्हर शिव्या देतोय. मग फोन कोणाला? तुमच्या मुलाला.

इथे घाईत कोणी त्या फोल्डरमधल्या फायली हातानं उडवतो. डिस्क रिकामी दिसते, तरी डेटाबेस अडलेलाच! कारण त्या राखीव जागेतलं किती वापरलं याचा हिशेब ओरॅकल स्वतःच्या कंट्रोल फाइलमध्ये ठेवतो. तुम्ही परस्पर काय उडवलंत ते त्याला कळलेलंच नसतं. शिवाय त्या फायलींचा बॅकअप झालेला नसेल तर साखळी तिथेच तुटली, पुढचं काही परत आणता येत नाही. नीट रस्ता असा : डिस्कवर वाव असेल तर आधी त्या जागेची मर्यादा थोडी वाढवायची, म्हणजे टँकर सुटतो. मग आरमॅन या ओरॅकलच्याच साधनाला आर्काइव्हचा बॅकअप घेऊन जुन्या फायली काढायला सांगायचं. आणि त्यानंतर शोधायचं की एका रात्रीत एवढं लिहिलं कोणी. यात हात चालवायचं काम पाच मिनिटांचं, बाकी सगळं बघण्याचं.

एक मात्र त्याला विचारा. जागा ८० टक्के भरली की दुपारीच मोबाइलवर मेसेज यावा अशी सोय का नाही? ती केली तर यातले निम्मे फोन रात्री येणारच नाहीत. आणि रात्रीची पाळी आठवड्या-आठवड्यानं बदलते का, की लग्न झालेलं नाही म्हणून सगळ्या रात्री त्याच्याच गळ्यात? मुलीकडच्यांपासून रात्रीचे फोन लपवू नका. लग्नानंतर चौथ्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

प्रश्न : मॅडम, रावपुऱ्यात आमची छोटी क्रेडिट सोसायटी आहे, मी तिचा मानद सचिव. सॉफ्टवेअरवाले भाई म्हणतात, रोज रात्री नऊला आपोआप बॅकअप होतो, हिरवी टिक येते. ऑडिटरनं विचारलं की आम्ही ती टिक दाखवतो. एवढं पुरेसं आहे का?

उत्तर : ऑडिटरला पुरेल. सोसायटीला नाही.

हिरव्या टिकेचा अर्थ इतकाच, की बॅकअपचा प्रोग्राम चालला आणि "माझं झालं" असं तो स्वतःच म्हणाला. फाइल उघडते का, तिच्यात आजपर्यंतचं सगळं आहे का, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. आणि हे फक्त छोट्या ऑफिसांत होतं असं समजू नका. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामर लोकांचं काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका इंजिनिअरला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता, तो पुसला गेला मुख्य सर्व्हरवरचा. क्षणात लक्षात आलं, थांबवलं, पण ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. एकाला एक अशा पाच व्यवस्था होत्या, आणि भरवशाची त्यातली एकही निघाली नाही. रोजचा बॅकअप बरेच दिवस फसत होता, कारण बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीचा होता. फसल्याच्या ई-मेलही जात होत्या, पण समोरचा मेलसर्व्हर त्या नाकारत होता. वाचवलं ते त्याच इंजिनिअरनं सुमारे सहा तास आधी चाचणीसाठी हातानं काढून ठेवलेल्या एका प्रतीनं. मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलंच. त्यांनी हे सगळं स्वतःच जगासमोर लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळलं. आपल्याकडे अशी गोष्ट झाली की संचालक मंडळाच्या इतिवृत्तात "तांत्रिक बिघाड" एवढंच येतं.

तर असं करा. एका शनिवारी व्यवहार बंद झाले की भाईंना बोलवा आणि आदल्या रात्रीची बॅकअप फाइल वेगळ्या कॉम्प्युटरवर उतरवून दाखवायला सांगा. वेगळ्या कॉम्प्युटरवर, हे दोनदा बजावा. नाहीतर उत्साहात जुना डेटा चालू डेटाच्या डोक्यावर बसायचा. तुम्ही घड्याळ घेऊन शेजारी बसा. उतरवून झालं की शेवटचा व्हाउचर नंबर पावतीपुस्तकाशी ताडा. ट्रायल बॅलन्स काढा, आदल्या दिवशीच्या छापील प्रतीशी रुपया-पैशानं जुळला पाहिजे. दोन-तीन सभासदांची पासबुकं मागवून ठेवा आणि शिल्लक बघा. भाई म्हणतील, "साहेब, व्हेरिफाय केलंय ना!" एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये तशी आज्ञा आहे, पण ती फाइल वाचता येते का एवढंच तपासते. आतला डेटा आधीच खराब झाला असेल तर बॅकअपमध्ये खराबच डेटा अगदी इमानदारीनं साठवला जातो. म्हणून उतरवलेल्या प्रतीवर चेकडीबी, म्हणजे आतला डेटा तपासणारी आज्ञा, चालवायला सांगा. लागलेला वेळ, तारीख आणि सह्या वहीत. पुढची तालीम तीन महिन्यांनी.

भाईंना आणखी एक विचारा : खाली एसक्यूएल सर्व्हरची एक्सप्रेस, म्हणजे फुकटातली आवृत्ती आहे का? छोट्या सॉफ्टवेअरांत बहुधा तीच असते, आणि त्यात वाईट काही नाही. पण ठरल्या वेळी काम करून घेणारा तिचा एजंट त्या आवृत्तीत मिळत नाही. म्हणून बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर सोपवलेला असतो. कोणी विंडोजचा पासवर्ड बदलला की ते टास्क गुपचूप बंद पडतं. शिवाय २०२२ च्या आवृत्तीपर्यंत तिच्यात एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. ती भरली की नवी नोंद घेतच नाही, आणि अशी वेळ नेमकी डिव्हिडंडच्या दिवशी येते.

मग प्रश्न येतो प्रती ठेवायच्या कुठे. मी बघितलेल्या बहुतेक ऑफिसांत बॅकअपची हार्ड डिस्क त्याच सर्व्हरला लटकलेली असते, आणि दोन्ही तळमजल्यावर टेबलाखाली, यूपीएसच्या शेजारी. अहो, आपण बडोद्यात राहतो! ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीनं २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं; सयाजीगंज, फतेगंज, अकोटा, समा, सगळीकडे घरांत पाणी. रस्त्यावर आलेल्या मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. तळमजल्यांवरच्या सर्व्हरांचे कोणी काढले नाहीत. मी नंदेसरीच्या कारखान्यात होते तेव्हा शुक्रवारची टेप अकाउंट्समधले एक भाई जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून वाघोडिया रोडला स्वतःच्या घरी न्यायचे आणि सोमवारी रिकामी टेप घेऊन यायचे. आम्ही हसायचो, पण व्यवस्था चोख होती. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, असा आमच्या धंद्यातला दंडक आहे आणि तुम्हालाही तो परवडतो. घरी नेण्याची प्रत पासवर्डनं कुलूपबंद हवी, आणि तो पासवर्ड त्याच सर्व्हरवरच्या फायलीत नको. एक प्रत तरी कुठल्याच कॉम्प्युटरला जोडलेली नसावी, कारण रॅन्समवेअर आलं की जोडलेली हार्ड डिस्कसुद्धा तेच कुलूपबंद करतं आणि किल्लीचे पैसे मागतं.

आणि हे भाईंवर सोडू नका : नऊला बॅकअप होतो आणि डिस्क संध्याकाळी पाचला मेली, तर त्या दिवसाचं सगळं गेलं. पावत्यांवरून कॅशियर परत भरू शकतील का? किती दिवसांचं काम हातानं भरायची तयारी आहे, आणि सोसायटी किती तास बंद राहिलेली चालेल, हे मंडळानं बसून ठरवायचं. तुम्ही "अर्धा तास" म्हणालात तर भाई वेगळी व्यवस्था सांगतील आणि वेगळं बिल. इस्पितळ असतं तर मीही अर्धा तासच म्हटलं असतं. सोसायटीला एक दिवस चालायला हरकत नाही, पण तो निर्णय लिहिलेला असावा.

प्रश्न : मी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या टेक्नॉलॉजी फॅकल्टीत शेवटच्या वर्षाला आहे. मला डीबीए व्हायचंय. ओरॅकलचं सर्टिफिकेट करू की पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस शिकू? सगळे म्हणतात क्लाउड आणि एआयमुळे हे काम राहणारच नाही.

उत्तर : हे काम राहणार नाही, असं मी नोकरीला लागल्यापासून ऐकतेय. ओरॅकलनं तर २०१७ मध्ये स्वतःची काळजी स्वतः घेणारा "ऑटोनॉमस" डेटाबेस जाहीर केला. गेलं ते काय? डिस्क लावणं, पॅच चढवणं, बॅकअपची वेळ लावणं, यातलं बरंचसं. बरं झालं, मला त्यात कधीच मजा आली नाही. राहिलं ते निर्णयाचं. उदाहरणार्थ, ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउडवरच्या डेटाबेस सेवेत आपोआप होणारे बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात. फेब्रुवारीत ऑडिटर म्हणाला, गेल्या एप्रिलमध्ये हे खातं कसं दिसत होतं ते दाखवा, तर क्लाउड हात वर करणार. एप्रिलची प्रत वेगळी ठेवायला हवी, हे एप्रिलमध्येच कोणाला तरी सुचावं लागतं.

शीक काय म्हणशील तर आधी मूळ शीक. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना रिलेशनल मॉडेलवरचा निबंध छापला तो १९७० मध्ये, आणि आज तू जे टेबल, की, जॉइन शिकतोस ते सगळं त्यावरच उभं आहे. मग पोस्टग्रेस घे, कारण ते फुकट आहे आणि घरच्या लॅपटॉपवर बिनधास्त मोडता येतं. दहा लाख ओळींचं टेबल बनव, एक्सप्लेन ॲनलाइझ, म्हणजे किती वेळ लागला ते सांगणारी आज्ञा, लावून एकच क्वेरी इंडेक्सशिवाय (शोध झपाट्यानं करणाऱ्या सूचीशिवाय) आणि इंडेक्ससह बघ, आकडे वहीत लिही. त्यानंतर बेस बॅकअप घे, वॉल फायली, म्हणजे पोस्टग्रेसचे रीडो लॉग, साठवायला लाव, थोड्या नोंदी भर आणि ते टेबल ड्रॉप कर, म्हणजे उडवून टाक. आता डेटाबेस ड्रॉपच्या एक मिनिट आधीच्या स्थितीला परत आण. पहिल्यांदा नाही जमणार. जमलं की सर्टिफिकेट नसलं तरी मी तुला मुलाखतीला बोलावेन. मोठ्या कंपन्यांच्या एचआरला सर्टिफिकेट लागतं, तेव्हा नंतर करून टाक. ते चाळणीतून पार होण्यापुरतं.

मुलाखतीत मी विचारते : चालू डेटाबेसमध्ये कोणाच्या तरी हातून टेबल ड्रॉप झालंय, तुम्ही पहिल्यांदा काय कराल? हुशार मुलं धडाधड आज्ञा सांगायला लागतात. ओरॅकल आहे का, मग रिसायकल बिनमधून काढू, दहा-जी या आवृत्तीपासून सोय आहे वगैरे. ते बरोबरच आहे, फक्त ट्रंकेट केलं असेल, म्हणजे टेबल ठेवून आतल्या सगळ्या ओळी उडवल्या असतील, तर रिसायकल बिनमध्ये काही सापडत नाही. मला आवडतो तो मुलगा जो आधी विचारतो, "मॅडम, नेमकं किती वाजता झालं, आणि आत्ता त्यात कोणी लिहितंय का?"

प्रश्न : पुण्यात मुलगी डीबीए आहे. दिवाळीला येता येणार नाही म्हणते, कंपनीत "फ्रीज" आहे. हे खरं की बहाणा? (एक बाबा, मांजलपूर)

उत्तर : फ्रीज खरा असतो. मोठ्या विक्रीच्या किंवा हिशेबाच्या दिवसांत चालू यंत्रणेत कोणताही बदल करायचा नाही असं फर्मान निघतं. ऑनलाइन विक्रीवाल्यांचं दिवाळीला, बँकांचं ३१ मार्चच्या आसपास. पण बदलच बंद म्हटल्यावर ठरवून करायचं काम उलट कमी होतं, फक्त काही बिघडलं तर कोणीतरी हाताशी हवं. ते बडोद्याहूनही होतं. तिला म्हणा लॅपटॉप घेऊन ये. तुम्ही घरचं वाय-फाय नीट करून ठेवा, आणि फराळाच्या ताटावर फोन वाजला तर तोंड वाकडं करू नका.

प्रश्न : मी अलकापुरीच्या एका फर्ममध्ये एकटीच डीबीए आहे. मालक बाबांचे जुने मित्र, मी त्यांना काकाच म्हणते. ते म्हणतात, सगळ्या ग्राहकांची यादी फोन आणि पॅन नंबरसकट पेनड्राइव्हवर दे, भाच्याला त्याच्या धंद्याची जाहिरात करायचीय. शिवाय ऑफिसात सगळे एकाच "एसए", म्हणजे सर्वाधिकाराच्या लॉगिनच्या, पासवर्डनं डेटाबेसमध्ये शिरतात. म्हणतात, "घरचीच माणसं आहेत." नाही कसं म्हणू?

उत्तर : नाही म्हणूच नकोस. "काका, एक मेल टाका ना. कुठली माहिती, कोणाला, कशासाठी, एवढंच. मी लगेच बघते." निम्म्या मागण्या इथेच विरतात, कारण तोंडानं सांगायला सोपं असतं ते लिहायला अवघड जातं.

मेल आलीच, तर चहाच्या वेळी जा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा काकांना सांग. ग्राहकानं माहिती ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी वापरायची, आणि जबाबदारी फर्मची, म्हणजे काकांची, भाच्याची नव्हे. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. काकांच्या फर्मला काही तेवढा लागणार नाही, पण आकडा ऐकला की कप बशीत जातो. मग विचार, भाच्याला नक्की हवंय काय? कुठल्या भागात किती ग्राहक आहेत एवढंच हवं असेल तर पिनकोडवार आकडे दे. त्यात ना नाव, ना नंबर.

आता पासवर्ड. "घरची माणसं" या शब्दाला चिडू नकोस, उलट तोच धर. काका, उद्या एखादी नोंद पुसली गेली तर लॉगमध्ये एसए एवढंच दिसेल. मग शंका सगळ्यांवर, आणि पहिली माझ्यावर. वेगळी नावं असली तर घरची माणसं सुटतील. हे पटतं; मी अशाच एका ऑफिसात पटवलंय.

पण पटलं म्हणून सोमवारी सकाळी पासवर्ड बदलून मोकळी होऊ नकोस. एसए कुठे कुठे दडलाय हे आधी शोध. महिनाभर कोण, कुठल्या कॉम्प्युटरवरून, कुठल्या प्रोग्राममधून शिरतंय त्याची नोंद घे. एखाद्या जुन्या एक्सेल शीटमध्ये सापडेल, हजेरीच्या मशीनमध्ये सापडेल, कुठल्या तरी सोडून गेलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्येही सापडेल. मग प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, रिपोर्टवाल्यांना फक्त वाचायची परवानगी, बिलिंगच्या सॉफ्टवेअरला त्याचं वेगळं. तूसुद्धा रोजच्या कामाला सर्वाधिकाराचं लॉगिन वापरू नकोस. ते लागेल तेव्हाच उघडायचं. सगळे हलले की एसए बंद. लॉग मात्र पुसू नकोस. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस ठेवायचे असतात, आणि सायबर घटना घडली तर लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं.

आणि तू एकटी आहेस, म्हणून सर्वाधिकाराचा पासवर्ड पाकिटात घालून, सीलवर सही करून, काकांच्या तिजोरीत ठेव. पाकीट फुटलं की पासवर्ड बदलायचा. तू माथेरानला गेलीस तर ऑफिस अडायला नको, आणि ऑफिस अडेल म्हणून तुझं माथेरान रद्द व्हायला नको.

प्रश्न : चालू डेटावर अपडेट चालवताना हात थरथरतात. काही युक्ती? (नवा नवा, गोत्री)

उत्तर : थरथरू देत. आधी तीच वेअरची अट लावून सिलेक्ट चालव आणि किती ओळी येतात ते बघ. मग बिगिन ट्रान्झॅक्शन, मग अपडेट, आणि "इतक्या ओळी बदलल्या" हा आकडा आधीच्या आकड्याशी जुळला तरच कमिट, म्हणजे बदल कायम. नाही जुळला तर रोलबॅक, म्हणजे बदल मागे, आणि शांतपणे शोध. दोन धोके : ओरॅकल आणि मायएसक्यूएलमध्ये मध्येच क्रिएट किंवा आल्टरसारखं काही चालवलंस तर आधीचं सगळं आपोआप कमिट होतं, रोलबॅक उरत नाही. आणि ट्रान्झॅक्शन उघडी ठेवून सेव-उसळ खायला जाऊ नकोस. त्या ओळींना कुलूप बसलेलं असतं, बाहेर रांग लागते, आणि परत येईपर्यंत माझ्यासारखी कोणीतरी तुझं कनेक्शन मारून टाकते.

प्रश्न : दांडियाबाजारातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाची सभासद यादी एका मुलानं कॉम्प्युटरवर घालून दिली. "कऱ्हाडे" शोधलं तर काही कऱ्हाडे सापडतात, काही नाही. जुन्या काही नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आहेत. आणि "ळ" असलेल्या नावांची पुस्तकसूचीही उलटसुलट लागते. मुलगा आता कॅनडात आहे. काय करावं?

उत्तर : या पत्रानं मला फार आनंद दिला. आमच्या क्षेत्रातल्या इंग्रजी पुस्तकांत हे दुखणं सापडत नाही आणि मराठी ऑफिसांत पदोपदी भेटतं.

कऱ्हाड्यांचं असं आहे. तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खाली नुक्ता असलेलं ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. कागदावर दोन्ही तंतोतंत सारखे, डेटाबेसला मात्र वेगळे. युनिकोडचं, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचं, प्रमाणीकरण लावलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. घाईत कोणी साधं "कर्हाडे" लिहिलेलं असतं, ते तिसरं. मूळ नावांना हात लावू नका. लोकांना आपलं नाव आपल्या पद्धतीनं दिसायला हवं. शेजारी शोधासाठी एक जादा कॉलम ठेवा. त्यात न दिसणारं चिन्ह काढून टाकायचं, ऱ चा र करायचा, म्हणजे तिन्ही कऱ्हाडे एकाच घरात येतात. शोधणाऱ्याच्या शब्दालाही तोच नियम लावायचा. जोशी आणि जोषी हा वेगळा तंटा आहे, त्यात मी पडत नाही.

प्रश्नचिन्हांबद्दल वाईट बातमी. ती नावं लपलेली नाहीत, गेलीत. मराठी न कळणाऱ्या जुन्या सांकेतिक संचात साठवताना प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच "?" हे चिन्ह लिहिलं गेलं. आता सभासदांचं कागदी रजिस्टर काढा आणि परत भरा. रजिस्टर रद्दीत दिलं नसेल अशी आशा करते. भरण्याआधी, मायएसक्यूएल असेल तर डेटाबेस, टेबल आणि कनेक्शन तिन्ही "यूटीएफ-आठ-एमबी-चार" या मराठी कळणाऱ्या संचावर आहेत का ते बघून घ्या. एक जरी जुनं राहिलं तरी पुन्हा प्रश्नचिन्हं.

लांबीकडेही लक्ष असू द्या, विशेषतः उद्या कोणी ओरॅकलवर नेलं तर. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे काना-मात्रा-अनुस्वारसुद्धा, यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन एककं, घेतं. "श्रीकृष्ण देशपांडे" इंग्रजीत लिहिलं तर मधली जागा धरून २१ बाइट, मराठीत ५२. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, तेव्हा चाळीसचा कॉलम इंग्रजी देशपांड्यांना ऐसपैस आणि मराठी देशपांड्यांना बंद. गुजरातीचंही हेच, तीन-तीन बाइट. कॉलम बनवतानाच लांबी अक्षरांत मोजायला सांगता येतं. आणखी म्हणजे आपल्याकडे गुजरातेत आडनाव आधी लिहायची पद्धत, मराठी घरांतून नाव आधी. नाव, वडील-पतीचं नाव आणि आडनाव तीन वेगळ्या कॉलमांत नसतील तर पटेल आणि पाटील कधीच एका ओळीत उभे राहणार नाहीत.

ळ चं कारण सोपं. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलाय, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्ष आणि ज्ञ यांचंही तसंच, डेटाबेस त्यांना क आणि ज मध्ये घालतो. पोस्टग्रेसमध्ये मराठीसाठी "एमआर-एक्स-आयसीयू" नावाची क्रमवारी तयार मिळते, ती लावून बघा. नंतर कधी लिनक्स बदललं तर अक्षरी कॉलमांचे इंडेक्स पुन्हा बांधायचे. २०१८ मध्ये ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीनं अक्षरांचा क्रम बदलला आणि ज्यांनी इंडेक्स बांधले नाहीत त्यांना डोळ्यासमोर असलेल्या नोंदी सापडेनात.

शनिवारी संध्याकाळी मी दांडियाबाजारात येतेच, यादी बघून देईन. त्याआधी तिची एक प्रत काढून कोणाच्या तरी घरी नेऊन ठेवा, वरच्या मजल्यावर.